खालचा हात : हारिमोतो इसाओ आणि तीन हजारावी हिट

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

आधीच सांगून टाकतो, मी खेळातला माणूस नाही. जन्म गेला जपानी शिकवण्यात. बेसबॉल माझ्या वाट्याला आला तो भाषेच्या मागच्या दारानं. कावासाकीला दोन वर्षं होतो, तेव्हा ज्यांच्या घरी भाड्यानं राहायचो ते आजोबा रविवारी सकाळी टीव्हीसमोर ठाण मांडून बसायचे. पडद्यावर एक रुंद खांद्यांचे, कपाळावर आठ्या घातलेले गृहस्थ आठवड्याभरातल्या खेळाडूंचा हिशेब घ्यायचे. कुणी चांगलं खेळलं की ‘आप्पारे!’, म्हणजे शाब्बास. चुकला की ‘कात्सु!’. झेन मठात डुलकी लागलेल्या साधकाला गुरू जो दम देतो, तो हा ‘कात्सु’. आजोबा त्यांच्यावर चिडायचे, टीव्हीशी भांडायचे आणि पुढच्या रविवारी परत त्यांच्यासमोरच बसायचे. मी एकदा विचारलं, हे कोण एवढे? आजोबांनी फक्त आकडा सांगितला. तीन हजार पंच्याऐंशी.

त्या गृहस्थांचं नाव हारिमोतो इसाओ. आज बोलायचं आहे ते त्यांच्या तीन हजाराव्या हिटबद्दल.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी दोन मिनिटं घेतो. आपल्याकडे एकदा बॅट्समन टिकला की दिवसभर टिकतो. तिथे तसं नाही. सामन्यात चार-पाच वेळा पाळी येणार, दरवेळी काही चेंडू, आणि चेंडू मारून सुखरूप पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या पहिल्या टप्प्यावर, पोचलात तर ती एक हिट. दहा पाळ्यांत तीन हिट मिळाल्या तर माणूस उत्तम समजला जातो. जपानीत याला ‘सानवारी’ म्हणतात. सान म्हणजे तीन, वारी म्हणजे दहावा हिस्सा. (पंढरीच्या वारीशी संबंध नाही, पण आयुष्यभर न चुकता करायची म्हटली तर कष्ट तेवढेच.) हारिमोतोंनी ही सानवारी सोळा हंगामांत केली. तेवीस वर्षांत ९६६६ ॲट-बॅट (म्हणजे हिशेबात धरलेल्या पाळ्या), ३०८५ हिट, सरासरी .३१९. म्हणजे साडेसहा हजारांहून जास्त वेळा हा माणूस हिट न मिळवता परत फिरला आहे. तरी जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये तीन हजारांच्या पुढे गेलेला तो एकटाच. दुसऱ्या नंबरवर नोमुरा कात्सुया, २९०१. पुढे कुणी नाही, मागेही बराच वेळ कुणी नाही.

आता त्या दिवसाकडे येऊ. २८ मे १९८०, कावासाकीचं मैदान, समोर हांक्यू ब्रेव्हजचा संघ. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, यामागुची ताकाशी. हा साधा माणूस नव्हता, सत्तरच्या दशकात त्याच्या वेगाची जपानभर दहशत होती. हारिमोतो तेव्हा चाळिशीला तीन आठवडे कमी. चार वर्षं योमिउरी जायंट्ससारख्या देशातल्या सगळ्यात लाडक्या संघात काढून, शेवटी डोळ्यांच्या तक्रारीनं घसरून, तिथून लोत्ते ओरायन्समध्ये आलेले. तीन हजाराला चाळीसेक हिट बाकी असताना ते लोत्तेकडे आले, म्हणजे खरं तर हिशेब पुरा करायलाच आले. आणि तो पुरा झाला होमरननं. एखादी घसटती, जेमतेम पोचलेली हिटही आकड्यात तेवढीच धरली असती. पण चेंडू कुंपणापार गेला.

कावासाकीचं ते मैदान म्हणजे जपानी बेसबॉलमधलं थट्टेचं ठिकाण. लहान, जुनाट, बहुतेक वेळा ओस. रिकाम्या स्टँडमध्ये प्रेक्षक माहजाँग मांडून बसायचे, अशी त्याची ख्याती. मी गेलो तेव्हा स्टँड पाडून झाले होते, तिथे अमेरिकन फुटबॉल चालायचा. पण जुने दिव्यांचे मनोरे उभे होते आणि आउटफिल्डच्या कुंपणाचा तुकडाही. हात लावून पाहिला. साधं सिमेंट.

मग प्रश्न पडतो, एवढा मोठा आकडा अशा आडगल्लीत का गाठला गेला? इथून खरी गोष्ट सुरू होते.

हारिमोतोंचं जन्मनाव जांग हून. आईवडील कोरियातून आलेले, जन्म १९४० सालचा, हिरोशिमाचा. चार वर्षांचे असताना थंडीच्या दिवसांत शेकोटीपाशी बसले होते. एक ट्रक मागे आला, धक्का लागला आणि पोर विस्तवात पडलं. उजवा हात भाजला तो कायमचा. अंगठा आणि तर्जनी आत वळलेली, अनामिका आणि करंगळी एकमेकींना चिकटलेली. जन्मतः उजवा असलेला मुलगा त्या दिवसापासून डावखुरा झाला.

पुढच्याच वर्षी ६ ऑगस्ट आला. त्यांचं घर दानबारा भागात होतं, आणि बॉम्ब पडला त्या बाजूच्या आणि घराच्या मध्ये हिजियामा नावाची टेकडी. टेकडी कसली, आपल्या पर्वतीएवढीसुद्धा नाही. पण तिच्या आडोशानं दानबारा पुरतं जळलं नाही. आईनं दोन मुलांना अंगाखाली घेतलं, काचा तिच्या पाठीत घुसल्या. थोरली बहीण मात्र कामावर बाहेर होती. तिला आणलं ते ओळखू न येण्याच्या अवस्थेत. पाच वर्षांच्या भावानं जवळच्या मळ्यातून द्राक्षं आणली, तिच्या तोंडात पिळली. ती गेली. आईनं नंतर तिचा एक फोटोसुद्धा घरात ठेवला नाही. ही हकिकत हारिमोतोंनी स्वतः सांगितली आहे, पण साठी उलटेपर्यंत ते हिरोशिमाबद्दल जाहीरपणे बोलतच नव्हते. मैदानावर ज्यांनी त्यांना वीस-बावीस वर्षं पाहिलं, त्यांतल्या बहुतेकांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

आई नंतर आतडी-कोथळा भाजून विकायची खानावळ चालवायची. जपानी लोक जे फेकून देत, ते कोरियन वस्तीत शिजायचं. जायंट्सचा संघ एकदा हिरोशिमात उतरला असताना या पोरानं विश्रामगृहात डोकावून पाहिलं. खेळाडू जाडजूड मांसाचे तुकडे खात होते, वर कच्ची अंडी फोडून घेत होते. तेव्हाच ठरलं, हाच धंदा करायचा. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात देशाचं नाव उज्ज्वल वगैरे काही नाही. पोराला अंडं हवं होतं.

१९५९ साली तोएई फ्लायर्सनं त्यांना घेतलं. तोएई म्हणजे सिनेमा कंपनी. पुढे हाच संघ आधी एका घरबांधणीवाल्यांकडे आणि मग हॅमवाल्या कंपनीकडे गेला. म्हणजे आमचे नायक जागचे न हलता सिनेमातून हॅममध्ये पोचले. (हशा.) पण तोएईत शिरताना एक अडचण होती. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा होती आणि हारिमोतोंचा पासपोर्ट कोरियन. संघाच्या मालकांचं म्हणणं, नागरिकत्व बदल, प्रश्न मिटेल. आई म्हणाली, बेसबॉल सोड, पण हे करू नकोस. शेवटी जपानमध्येच जन्मलेल्या अशा मुलांसाठी नियमाला मुरड घालण्यात आली. पहिल्याच वर्षी ते लीगचे सर्वोत्तम नवोदित ठरले. तरी परगावच्या मैदानांवर ‘कोरियाला परत जा’ या आरोळ्या पुष्कळ वर्षं चालूच राहिल्या.

आणि हात? नीट पाहा, मी उभा राहून दाखवतो. डावखुरा बॅटर बॅट धरतो तेव्हा डावा हात वर, उजवा खाली, मुठीशी. बॅट ओढून पुढे आणायचं काम खालच्या हाताचं. म्हणजे भाजलेला, नीट न मिटणारा हात सगळ्यात कामाच्या जागी. तोएईचे प्रशिक्षक मात्सुकी केंजिरो यांनी ओळखलं की डावा हात आपोआप जोर करणारच आहे, दुबळा आहे तो खालचा. मग त्या एका हातानं बॅट फिरवून फिरवून घेतली. रात्री चेंडूशिवाय नुसतीच बॅट फिरवायची, याला ‘सुबुरी’ म्हणतात. हारिमोतो म्हणतात, रोज तीनशे. त्यातून जे तयार झालं त्याला जपानी लोक रुंद कोनाची बॅटिंग म्हणतात. चेंडू कुठेही पडो, तो ज्या बाजूला जायला राजी आहे त्या बाजूला पाठवायचा. लोकांनी नाव ठेवलं ‘हिटचं यंत्र’. सात वेळा सरासरीत पहिले. १९७० साली .३८३४, हा विक्रम सोळा वर्षं टिकला. आणि नुसत्या टिचक्या मारणारे नव्हेत बरं, ५०४ होमरन आहेत, ३१९ चोरलेले बेस आहेत, म्हणजे हिटची वाट न पाहता धावून गाठलेले.

आठव्यांदा पहिले आले असते १९७६ साली, जायंट्समधल्या पहिल्याच वर्षी. चुनिची संघाचा याझावा केनइची .३५४८३, हारिमोतो .३५४७७. जपानीत दशांशांना नावं आहेत : वारी, बु, रिन, मो, शि. मो म्हणजे केस, शि म्हणजे धागा, रेशमाचा तंतू. याझावा सहा शिनं जिंकला. सहा तंतू! आपण केसानं गळा कापणं म्हणतो, इथे केसाच्याही खालचं माप निघालं.

आता एक गंमत, जिच्यासाठी खरं म्हणजे मी हा विषय घेतला. जपानी बेसबॉलमध्ये तीन आकडे शाळकरी पोरांना पाठ असतात. पिचरचे सर्वाधिक विजय ४००, ते कानेदा मासाइचीचे. सर्वाधिक होमरन ८६८, ते ओ सादाहारूचे. सर्वाधिक हिट ३०८५. कानेदाचे आईवडील कोरियन. ओचे वडील चिनी, आणि जपानचा लाडका होमरनवीर असूनही त्याच्याकडे तैवानचा पासपोर्ट. तिसरे आपले जांग हून. ज्या खेळाला जपान आपला राष्ट्रीय खेळ मानतो, त्याच्या तिन्ही शिखरांवर बाहेरच्या आडनावांची माणसं. ओ आणि हारिमोतो तर जायंट्समध्ये एकामागोमाग बॅटिंगला येत. लोक त्यांना ‘ओ-एच तोफ’ म्हणत. नोकरी, बँक, सरकारी कचेरी इथे कोरियन नावाला दार बंद होतं, मोकळं होतं ते मैदान आणि रंगमंच, हे कारण आजोबांनी मला सांगितलं होतं. ते पुरेसं आहे असं मला वाटत नाही. मोकळ्या दारातून हजारो गेले, शिखरावर तिघेच पोचले. पण दार कुठलं, ते बरोबर आहे.

म्हणून कावासाकी. त्या मैदानापासून पोलादाच्या कारखान्यांच्या बाजूला गेलं की साकुरामोतोची कोरियन वस्ती लागते. तिथे आतडी भाजल्याचा वास अजून येतो. आणि हारिमोतोंच्या अंगावर शर्ट कुणाचा, तर लोत्तेचा. च्युइंगमची ही कंपनी उभी केली शिन ग्योक-हो या कोरियातून आलेल्या माणसानं. आपल्या किराणा दुकानात मिळते ती लोत्तेची चोको पाय, तीच ही कंपनी. जायंट्सच्या झगमगाटात तीन हजार झाले असते तर छायाचित्रं अधिक निघाली असती. पण ही हिट झाली ती आपल्या माणसांच्या शेजारात, आपल्या माणसाच्या पैशानं चाललेल्या संघात. ठरवून नाही झालं. तरी मला ते जागच्या जागी वाटतं.

या माणसाला देव्हाऱ्यात बसवायची माझी इच्छा नाही. टीव्हीवर ते पुष्कळदा नको ते बोलले, बायकांच्या बॉक्सिंगवरच्या शेऱ्यावरून तर मोठा गदारोळ झाला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोल मारणाऱ्या फुटबॉलपटू मिउरा काझुयोशीला त्यांनी निवृत्त व्हायचा सल्ला दिला. चाळिशीत आकडा पुरा करायला संघ बदलणारे हेच! मिउरानं उलट ते प्रोत्साहन म्हणून घेतलं आणि खेळत राहिला.

जपानमधून अमेरिकेत जाऊन गाजलेल्या इचिरोचं नाव तुमच्या ओठावर आहे, दिसतंय मला. इचिरोनं जपानमधल्या १२७८ हिट आणि अमेरिकेतल्या मिळून एप्रिल २००९ मध्ये हा आकडा ओलांडला. पोटातल्या अल्सरमुळे हंगामाची सुरुवात हुकली होती. परत आला त्याच दिवशी ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर आपले खेळाडू असताना मारलेला होमरन) मारून बरोबरी केली, दुसऱ्या दिवशी पुढे गेला. सिएटलच्या स्टँडमध्ये हारिमोतो बसलेले होते, आपला आकडा जाताना पाहायला. दोन देशांची बेरीज धरायची की नाही, यावर जपानी लोक अजून वाद घालतात. आजोबा धरत नसत.

शेवटी एक प्रसंग सांगतो. उजवा हात हारिमोतो सहसा कुणाला दाखवत नसत. खेळताना तो ग्लव्हमध्ये, एरवी खिशात. एकदा कावाकामी तेत्सुहारूंनी पाहायला मागितला. कावाकामी म्हणजे जपानमध्ये दोन हजार हिट पहिल्यांदा गाठणारा माणूस, बॅटची मूठ म्हणजे काय हे त्याच्याइतकं कोण जाणणार. हारिमोतोंनी हात पुढे केला. कावाकामींनी तो पाहिला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.