ढिगाऱ्याला हात लावण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

4 मे 2007 च्या रात्री अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ग्रीन्सबर्गवर टोर्नेडो आदळला. जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव, त्यातलं सुमारे 95 टक्के जमीनदोस्त झालं. वेळेवर इशारा मिळाला, लोक तळघरांत शिरले, म्हणून बहुतेकांचे जीव वाचले. पण सकाळी बाहेर येऊन पाहतात तर गल्ली कुठली, घर कुणाचं, ओळखू येईना.

अशा गावाला बाहेरच्या हातांशिवाय उभं राहता येत नाही. मदतीला धावणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणूनच थोडं स्पष्ट बोलते. आधी नाव नोंदवा, मगच आत जा. ढिगाऱ्यात खिळे, काचा, तुटलेल्या तारा, गळका गॅस, सगळं असतं. जाड तळव्याचे बूट, हातमोजे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हवंच. 2011 मध्ये मिसुरीतल्या जॉप्लिनला टोर्नेडोत जखमी झालेल्या 13 जणांना म्युकरमायकोसिस हा बुरशीचा गंभीर संसर्ग झाला, त्यातले पाच दगावले. जखमेत माती गेली तर ती किरकोळ समजू नका.

आणि घरमालकाला विचारल्याशिवाय काहीही फेकू नका. विमा कंपनीला नुकसानीचे फोटो लागतात, ते आधी काढू द्या. भिजलेला अल्बम सापडला तर चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका, वरचा थर निघून येतो. स्वच्छ गार पाण्यात हलकेच सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून वाळवा. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. दोन दिवस ओलेच राहिले तर बुरशी धरते. सगळं गेलेल्या बाईच्या हातात लग्नाचा एक फोटो देता आला, तर तो दिवस सार्थकी लागला असं मी म्हणेन.

कामाचे तास वहीत लिहून सही करायला कंटाळू नका. अमेरिकेत संघीय, म्हणजे केंद्र सरकारची, मदत मंजूर झाली की सार्वजनिक कामांचा किमान 75 टक्के खर्च केंद्राकडून येतो. उरलेल्या वाट्यात स्वयंसेवकांच्या श्रमांचं मोल धरता येतं, पण नोंद असेल तरच. छोट्या गावाच्या तिजोरीला त्याचा फार मोठा आधार होतो.

पहिल्या आठवड्यात माणसांची रीघ लागते. पुढे कॅमेरे जातात, गर्दी ओसरते, आणि नेमकी तेव्हाच सुतार, वायरमन, अर्ज भरून देणारे, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारे लागतात. म्हणून नाव नोंदवताना विचारा, "तीन महिन्यांनी आलो तर चालेल का?" आणि तारीख तेव्हाच ठरवून टाका.