नकाशात सडा कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार. सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार. तो नकाशांत नीट का दिसत नाही, ते आज बघू.

जगातल्या जमिनीची निसर्गाच्या हिशेबाने विभागणी करणारे नकाशे बरेच आहेत. संवर्धनाच्या कामात ज्याचा आधार वारंवार घेतला जातो, तो नकाशा २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात देशांच्या सीमा नाहीत. जमिनीचे ८ मोठे जीवभौगोलिक प्रदेश, १४ बायोम, म्हणजे जंगल, गवताळ रान, वाळवंट असे ढोबळ प्रकार, आणि त्यांच्या पोटात ८६७ इकोरीजन, म्हणजे एकसारख्या निसर्गाचे पट्टे, अशी त्याची मांडणी आहे. २०१७ साली तो सुधारला गेला आणि इकोरीजनची संख्या ८४६ झाली. आपलं कोकण त्यात मुख्यतः तीन रंगांत येतं. किनाऱ्यापासून साधारण २५० मीटर उंचीपर्यंत मलबार किनाऱ्याची दमट वनं, त्याच्या वर सह्याद्रीच्या उतारांची दमट पानझडी वनं आणि माथ्यावर पर्वतीय वर्षावनं.

हा नकाशा आजची जमीन दाखवत नाही. माणसाने हात लावला नसता तर इथे काय असतं, ते तो दाखवतो. शिवाय मलबार किनाऱ्याचा हा पट्टा उत्तर कोकणातून निघतो तो थेट केरळच्या टोकाला जातो. रत्नागिरीचा काळा कातळ आणि केरळातली किनाऱ्यालगतची झाडी एकाच रंगात रंगते. जगाच्या पातळीवर तुलना करायला ते पुरेसं आहे. राजापूर तालुक्यातली कुठली जमीन राखायची हे ठरवायला ते अजिबात पुरेसं नाही.

आणि ठरवायची वेळ तर आलेली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला झालेल्या जागतिक जैवविविधता करारात २०३० पर्यंत जमिनीचा आणि समुद्राचा किमान ३० टक्के भाग संवर्धनाखाली आणायचं उद्दिष्ट ठरलं. त्यात एक अट आहे: राखलेला भाग प्रातिनिधिक हवा, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या परिसंस्थेचा वाटा त्यात हवा. आता प्रकार किती आणि कुठले, हे नकाशा ठरवतो. नकाशात ज्याचा रकानाच नाही, त्याचा वाटा शून्य आहे हेसुद्धा कुणाला दिसत नाही.

सड्याचं नेमकं हेच झालं आहे. जांभ्याचा सडा उपग्रहाच्या चित्रात फेब्रुवारी ते मे या काळात उघड्या दगडासारखा दिसतो. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत 'खडकाळ पडीक' असा वर्ग आहे, सडा तिथे जाऊन बसतो. सात-बारावर तो पोटखराबा. त्याच सड्यावर जून-जुलैत हबेआमरी उगवते, पुढे गेंद, कवला, सीतेची आसवं, कीटक खाणारा दवबिंदू. खळग्यांत साचलेल्या पाण्यात बेडकांची पैदास होते. मातीचा थर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसतो आणि म्हणूनच तिथे झाड टिकत नाही, या छोट्या वनस्पतींना ऊन मिळतं. ही जमीन 'सुधारायची' म्हणून तिच्यावर सुरुंग लावून, खड्ड्यांत माती भरून कलमं लावली की नकाशावर मात्र प्रगती दिसते: पडीक कमी, वृक्षाच्छादन जास्त.

कारण दुसऱ्या टोकाला हीच गडबड उलटी आहे. भारताच्या वनस्थिती अहवालात १ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या छत्राची घनता १० टक्के वा अधिक असली की ते वनाच्छादन. मालकी कुणाची, झाड कुठलं, हे बघितलं जात नाही. त्यामुळे हापूसची बाग, काजूची लागवड, माडाचं आगर आणि देवराई एकाच बेरजेत येतात. जगभरासाठी १० मीटर तपशिलाने केलेल्या युरोपीय नकाशातही 'वृक्षाच्छादन' या वर्गात लागवडी धरलेल्याच आहेत. हे नकाशे खोटे नाहीत. झाडं किती, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर ते ठीक देतात. परिसंस्था कुठली, असं त्यांना विचारायला गेलं की फसगत होते.

आता तपशिलाचं बघू. उपग्रहाचं चित्र चौकोनांचं बनलेलं असतं, आणि मीटरचा आकडा म्हणजे एका चौकोनाची बाजू. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल आहे. झाडांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली असतात. २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून तिची नोंद झाली, क्षेत्र सुमारे २.५९ हेक्टर. जागतिक नकाशे कधी २५० मीटरच्या चौकोनांवर बेतलेले असतात. असा एक चौकोन ६.२५ हेक्टरांचा. म्हणजे ही अख्खी दलदल त्याच्या निम्म्यातसुद्धा मावते आणि शेजारच्या जंगलाचा रंग घेऊन नाहीशी होते. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाच्या ३० मीटरच्या चित्रात तिच्या वाट्याला २८-२९ चौकोन येतात, त्यांतले निम्म्याहून अधिक कडेचे, अर्धे दलदल अर्धे बाहेरचं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटरच्या चित्रात अडीचशेच्या वर चौकोन मिळतात. तेव्हा कुठे तिचा आकार काढता येतो. तरीही वरून दिसतं ते पानांचं छत्र. खालचं पाणी दिसत नाहीच, त्यासाठी कुणीतरी आत जाऊन यावं लागतं.

कोकणात उपग्रहाला आणखी तीन अडचणी आहेत आणि त्या इथल्याच आहेत.

पहिली पावसाळा. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात, पण जून ते सप्टेंबर वर ढग. सडा ज्या दिवसांत जिवंत असतो नेमक्या त्याच दिवसांत त्याचं स्वच्छ चित्र मिळत नाही. रडारचे उपग्रह ढगांतून बघतात, पण रडारला रंग कळत नाही; त्याला पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि ओल कळते. सड्यावर साचलेलं पाणी ओळखायला ते उपयोगी पडतं. व्यवहारात करायचं ते असं: ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मिळेल ते ढगविरहित चित्र घ्यायचं, जोडीला मार्चचं घ्यायचं आणि दोन्हींतल्या हिरवेपणाचा फरक काढायचा. काजू आणि आंबा दोन्ही वेळी हिरवे. ऐन, किंजळ, साग मार्चमध्ये पानं गाळून बसलेले. सडा ऑक्टोबरात हिरवा-पिवळा, मार्चमध्ये उघडा. एकाच उन्हाळी चित्रावर नकाशा केला तर पानझडी रान आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन एकमेकांत मिसळतात, आणि ही चूक नवशिक्यांची नाही, चांगल्या संस्थांच्या नकाशांतही सापडते.

दुसरी अडचण भरतीची. सेंटिनेल-२ आणि लँडसॅट आपल्यावरून जातात ते ठरल्यासारखे सकाळी अकराच्या सुमारास. आणि आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आगेमागे असते, हे खाडीकाठच्या पोरालाही पाठ असतं. म्हणजे उधाणाच्या दिवशी उपग्रह बघतो तेव्हा खाडी भरलेली. उधाणाची मोठी ओहोटी लागते पहाटे आणि संध्याकाळी, तेव्हा तो जाग्यावर नाही. खाडीतला सर्वांत खालचा चिखलपट्टा, जिथे तिसऱ्या-कालवं मिळतात आणि स्थलांतरित पक्षी चरतात, तो अशा चित्रांत कधीच पूर्ण उघडा पडत नाही. त्यातल्या त्यात बरं चित्र अष्टमीच्या आसपासच्या दिवसाचं, तेव्हा अकरा-बाराला पाणी ओसरलेलं असतं, भले ते भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं असलं तरी. चित्र निवडताना तारखेबरोबर तिथी बघा. तिवराची बुटकी झाडं आणि नव्याने रुजलेली कांदळाची रोपं उधाणाच्या चित्रात पाणी म्हणून मोजली जातात.

तिसरी, सावली. हिवाळ्यात अकराच्या सुमारास सूर्य आग्नेयेला आणि खाली असतो. सह्याद्रीचा कडा पश्चिमेकडे उतरतो, म्हणजे आपल्या बाजूचं उतारावरचं जंगल डिसेंबरच्या चित्रात अंधारात. संगणक त्याला पाणी किंवा घनदाट सदाहरित ठरवतो. मार्चचं चित्र घेतलं की हा त्रास बराच कमी होतो.

वर्गीकरण कुठलं वापरायचं? आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०२० मध्ये जगासाठी परिसंस्थांची सहा पायऱ्यांची मांडणी दिली. तिच्यात लागवडीला वेगळा गट आहे, खारफुटीला वेगळा, आणि खडकाळ पठारांनाही वेगळा. काजूची बाग आणि सदाहरित जंगल एका खान्यात टाकायची सोय तिथे नाही, हा तिचा मोठा फायदा. वरच्या पायऱ्या जगासाठी ठरलेल्या आहेत. सर्वांत खालच्या पायऱ्या देशोदेशीच्या, प्रांतोप्रांतीच्या वर्गीकरणातून भरायच्या असतात. तिथे 'जांभ्याचा सडा, हंगामी पाणथळीसह' असा प्रकार लिहायचा तर तो आपल्याकडूनच जावा लागेल.

प्रकार लिहिला गेला की पुढे धोक्याची पातळी मोजता येते. परिसंस्थांच्या लाल यादीचे निकष स्पष्ट आहेत: ५० वर्षांत क्षेत्र ३० टक्के घटलं तर असुरक्षित, ५० टक्के घटलं तर धोक्यात, ८० टक्के घटलं तर अतिधोक्यात. लँडसॅटची चित्रं १९७२ पासूनची आहेत, ती २००८ पासून फुकट मिळतात, म्हणजे पन्नास वर्षांचा हिशेब करता येतो. मात्र सुरुवातीच्या दशकातली चित्रं जाडी आहेत, एक चौकोन ३० मीटरहून बराच मोठा. जुनं जाडं चित्र आणि नवं बारीक चित्र तसंच शेजारी ठेवून वजाबाकी केली तर घट किंवा वाढ भलतीच निघते. आधी नवं चित्र जुन्याइतकं जाडं करून घ्यावं लागतं.

या सगळ्याला लागणारी जमिनीवरची तपासणी गावात करता येते. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, लोकजैवविविधता नोंदवही असते. त्या नोंदवहीत वनस्पतींची यादी असते, जागा नेमकी नसते. ती घालायची. चारही बाजूंना तीस-तीस मीटर एकाच प्रकारची जमीन असेल अशा जागेच्या मधोमध उभं राहायचं. मोबाइलचा जीपीएस उघड्यावर पाचेक मीटर चुकतो, दाट झाडीत त्याहून जास्त, म्हणून कडेला उभं राहून नोंद घेऊ नये. दोन मिनिटं थांबून आकडा स्थिर झाला की लिहायचा, अंशांत, दशांशानंतर पाच आकडे. तीनच आकडे लिहिले तर जागा शंभर मीटरने हलू शकते. अक्षांश आधी, रेखांश नंतर. उलटं झालं तर रत्नागिरी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते, आणि अशी माहिती भरलेल्या फायली खरोखर येतात.

चार दिशांचे चार फोटो, एक पायाखालचा. तारीख. तीन प्रमुख झाडं किंवा गवतं, गावात म्हणतात त्या नावाने. छत्र साधारण किती टक्के. खाली जांभा, माती की चिखल. पाणी कुठल्या महिन्यांत असतं. वणवा लागतो का, चिरेखाण आहे का, गुरं चरतात का. प्रत्येक प्रकाराच्या किमान पन्नास जागा हव्यात, आणि त्या नुसत्या डांबरी रस्त्याच्या कडेच्या नकोत. रस्ता गेलेला सडा आधीच बदललेला असतो.

या जागांपैकी काही संगणकाला शिकवायला द्यायच्या, काही त्याची परीक्षा घ्यायला राखून ठेवायच्या. एकाच सड्यावरच्या शेजारच्या दोन जागा एक इकडे एक तिकडे टाकू नयेत, नाहीतर परीक्षेतले प्रश्न आधीच फुटलेले. आणि कुणी अचूकता सांगितली की कशाची, ते विचारा. समजा २०० जागा तपासल्या, १८० झाडीच्या आणि २० सड्याच्या. झाडीच्या सगळ्या बरोबर आल्या, सड्याच्या १२ चुकल्या. एकूण अचूकता ९४ टक्के. सड्याची अवघी ४०. अहवालात पहिला आकडा ठळक छापतात.

फेऱ्या दोन कराव्यात, गणपतीत आणि शिमग्याला. दोन्ही वेळा चाकरमानी पोरं फोन घेऊन घरी आलेली असतात, आणि सड्याची दोन्ही रूपं तेव्हाच दिसतात. दोन्ही फेऱ्यांत त्याच जागेवर, त्याच चार दिशांना तोंड करून फोटो काढायचे. आणि नोंदीच्या तक्त्यात 'नक्की सांगता येत नाही' असा एक रकाना ठेवा. पाच वर्षं न कसलेली वरकस, अर्धवट तोडून पुन्हा फुटलेलं मालकी रान, बांध फुटून खारफुटी शिरलेलं खाजण, अशा जागा बळेच कुठल्या तरी वर्गात कोंबल्या की संगणक तीच चूक पुढे तालुकाभर करत जातो.

नमस्कार.