आवरणाऱ्या पेशी

रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशींबद्दल आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पांढऱ्या पेशी, प्रतिपिंडं, लस, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं मी धरून चालतो. मला आज बोलायचंय ते आवरणाऱ्या पेशींबद्दल. जंतू संपले की प्रतिकार आपसूक निवतो, अशी समजूत असते. ती अपुरी आहे. थांबवणं हेसुद्धा काम आहे आणि ते करायला शरीरात वेगळ्या पेशी नेमलेल्या आहेत. हा आवर सुटला किंवा जास्त झाला की कोणते आजार होतात, हे सांगायचं मी कबूल केलंय, त्याकडे येतोच, पण त्याआधी उंदराच्या तीन दिवसांच्या पिल्लांची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, तिथे तयार होऊन बाहेर पडतात. जाक मिलर यांनी 1961 मध्ये दाखवलं की जन्मल्याबरोबर ती काढली तर उंदराचा प्रतिकार लुळा पडतो. हे समजण्यासारखं आहे. पण 1969 मध्ये जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी ती ग्रंथी तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काढली, आणि त्या माद्यांची बीजांडकोशं नष्ट झाली. आधी वाटलं, हा संप्रेरकांचा मामला असणार. पुढे उलगडलं की उंदरांच्या स्वतःच्याच टी-पेशी त्या अवयवांवर तुटून पडत होत्या. टी-पेशी घडवणारी ग्रंथी काढली, आणि हल्ला कमी होण्याऐवजी सुरू झाला! हे जरा मनात घोळवा. मला तर हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा छापण्यात काही उलटसुलट झालंय असंच वाटलं होतं.

शिमोन साकागुची या जपानी शास्त्रज्ञांना या निकालानं झपाटलं. त्यांनी त्याच जातीच्या निरोगी उंदरांच्या टी-पेशी घेऊन या ग्रंथी काढलेल्या उंदरांना टोचल्या, आणि आजार टळला. म्हणजे निरोगी शरीरात हल्ला करणाऱ्या टी-पेशींबरोबर त्यांना आवरणाऱ्याही टी-पेशी असतात. त्या थायमसमधून थोड्या उशिरा बाहेर पडतात आणि तिसऱ्या दिवशीची शस्त्रक्रिया नेमकी त्यांचीच वाट बंद करते, असा त्याचा अर्थ लागला.

आता माझी तक्रार ऐका, आणि ती मी मनापासून करतोय. प्रतिकार दडपणाऱ्या टी-पेशींची कल्पना 1970 च्या सुमारास रिचर्ड गर्शन यांनी मांडली होती. दहा-बारा वर्षं त्यावर धो-धो काम झालं. या पेशींची खूण म्हणून आय-जे नावाचा रेणू सांगितला गेला, त्याचं जनुक कुठे असावं हेही ठरलं. 1980 च्या दशकात डीएनए प्रत्यक्ष तपासला, तर त्या जागी तसं जनुकच नव्हतं! मग अख्खा विषय बदनाम झाला. आय-जे चुकलं हे खरं, पण म्हणून मूळ प्रश्नच गाडून टाकायचा? ग्रंथी काढलेले उंदीर आजारी पडतच होते की! ते का पडतात, याचं उत्तर कुणाकडे होतं? उत्तर चुकलं म्हणून प्रश्न टाकून देण्याची ही घाई मला आजही अस्वस्थ करते. साकागुचींनी मात्र प्रश्न सोडला नाही. 1995 मध्ये त्यांनी आवरणाऱ्या पेशींची खूण शोधली: त्यांच्या अंगावरचा सीडी25 हा रेणू. ही खूण असलेल्या पेशी काढून उरलेल्या टी-पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या, की त्यांचेच अवयव पोखरले जात. काढलेल्या पेशी परत दिल्या, की आजार टळे.

दुसरा धागा अमेरिकेतला. ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत 1940 च्या दशकात खवलेदार कातडीचे नर उंदीर जन्मले, ‘स्कर्फी’ नावाचे, काही आठवडेच जगणारे. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यातलं बिघडलेलं जनुक एक्स गुणसूत्रावर शोधायला घेतलं. वीस संशयित जनुकं उरली, आणि दोषी निघालं ते विसावं! 2001 मध्ये ते फॉक्सपी3 या नावानं जाहीर झालं. तेच बिघडलं की तान्ह्या मुलग्यांना आयपेक्स हा आजार होतो, ज्यात प्रतिकार स्वतःच्याच शरीरावर उलटतो: मधुमेह, न थांबणारे जुलाब, कातडीचा दाह. दोन वर्षांत दोन्ही धागे जुळले. आवरणाऱ्या, म्हणजेच नियामक, टी-पेशी घडवणारं जनुक हेच. या तिघांना 2025 चं नोबेल मिळालं.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कबूल केलेलं आता भरभर सांगतो.

आवर दोन ठिकाणी घातला जातो. पहिला थायमसमध्येच. तिथे एअर या जनुकामुळे इन्सुलिनसारखी दूरच्या अवयवांची प्रथिनंही दाखवली जातात, आणि त्यांच्यावर जोरात चिकटणाऱ्या बऱ्याच टी-पेशी तिथेच मरतात. त्यातून निसटलेल्यांना बाहेर नियामक पेशी आवरतात. शिवाय टी-पेशींच्या अंगावरच सीटीएलए-4 आणि पीडी-1 हे ब्रेक असतात. आवर सुटला की टाईप 1 मधुमेह, ल्युपस, आमवात. आवर जास्त झाला की कर्करोगाचं फावतं. गाठीभोवती नियामक पेशी जमतात आणि मारेकरी पेशी ढिल्या पडतात. सीटीएलए-4 रोखणारं औषध 2011 मध्ये मान्य झालं. त्यानं काही रुग्णांचा प्रगत मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, वर्षानुवर्षं आटोक्यात राहिला, पण काहींचं आतडं आणि थायरॉईड सुजलं, कारण ब्रेक साऱ्या शरीराचा निघतो. उलट बाजूचं उदाहरण 2020 चं: कोविडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोननं सुमारे एक तृतीयांशानं घटले. ते औषध विषाणूला मारत नाही, दाह आवरतं.

आणि इंटरल्युकिन-2, टी-पेशींना वाढायला लावणारं शरीरातलंच एक प्रथिन. जास्त मात्रेत ते कर्करोगावर दिलं जातं, हल्लेखोर पेशी चेतवायला. कमी मात्रेत नियामक पेशी वाढतात, कारण सीडी25 हा त्याच्याच ग्राहकाचा, म्हणजे ते पकडणाऱ्या रेणूचा, भाग आहे आणि त्या पेशींवर तो मुबलक असतो, म्हणून थोडं असलं तरी त्या ते आधी पकडतात. ल्युपसमध्ये याच्या चाचण्या झाल्या आहेत. अडचण उरते ती नेमकेपणाची. आवर हवा तो एका अवयवापुरता. म्हणून रुग्णाच्याच नियामक पेशी काढून, त्यांना ठरावीक खूण ओळखायला लावून परत सोडण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि मूत्रपिंड व यकृत प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांमध्ये त्यांच्या चाचण्या सुरूही झाल्या आहेत.