पॉवर पॅकचा पंप बदलताना

श्रोतेहो, नमस्कार.

शिरोलीच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक पॉवर पॅक, म्हणजे तेलाच्या दाबावर मशीन चालवणारा मोटर, पंप आणि टाकीचा संच, दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. मध्यंतरी एक कारखानदार प्रेसचा पॉवर पॅक टेम्पोत घालून घेऊन आले. "सकाळी बरा चालतो, दुपारपर्यंत प्रेशर पडतं. पंप बदला, आणि जरा मोठाच बसवा की! जोर वाढंल."

हा गैरसमज मी रोज ऐकतो. अहो, पंप नुसतं तेल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते तेलाला अडवणूक झाली की. जोर ठरतो सिलिंडरच्या बोअरवर, म्हणजे आतल्या व्यासावर, आणि बारवर, म्हणजे तेलाच्या दाबावर. 80 मिलिमीटर बोअरला 200 बार म्हणजे साधारण 10 टन. पंप एका फेऱ्यात अडीच सीसी तेल देणारा असो की चार सीसी, टन तेवढेच. मोठ्या पंपानं सिलिंडर लवकर पुढं येतो, आणि त्या घाईचा भार मोटरवर पडतो.

पेन जवळ असेल तर लिहून घ्या. पंपाचे सीसी गुणिले मोटरचे मिनिटाचे फेरे, भागिले 1000, म्हणजे मिनिटाला लिटर. ते लिटर गुणिले बार, भागिले 600, म्हणजे किलोवॅट. अडीच सीसी आणि 1440 फेरे, झाले 3.6 लिटर. 200 बारला 1.2 किलोवॅट, पंपातली घट धरली तर 1.4. दोन एचपीची मोटर हे ओढते. चार सीसीचा बसवलात तर सव्वादोन किलोवॅट लागतात, म्हणजे तीन एचपी. मग पूर्ण दाबाला मोटर जपणारा रिले ट्रिप होत राहतो आणि शिव्या खातो वायरमन.

बारचंही तसंच. कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरात असतो तो पुष्कळदा क्षणभराचा दाब. तुम्ही सतत चालणारा आकडा बघा. गिअर पंप, म्हणजे दोन दातेरी चाकांचा पंप, मॉडेलप्रमाणे 210 ते 250 बारपर्यंत नेटानं चालतो. त्यापुढं बहुतेक वेळा पिस्टन पंपच लागतो. 700 बारच्या जॅकवर गिअर पंपाचं काम नाही. आणि दाब वाढवणार असाल तर होज, म्हणजे तेलाचा रबरी पाइप, बघा. साधा 3/8 इंची, तारेच्या एका जाळीचा होज 180 बारचा असतो, दोन जाळ्यांचा 330चा.

गिअर पंपाची फिरण्याची दिशा शाफ्टकडून बघायची. उलटा फिरला तर दाब शाफ्टच्या सीलवर येतो आणि सील बाहेर. थ्री फेज मोटर असेल तर दोन वायरी अदलाबदल करून भागतं. इंजिनवर मात्र योग्य दिशेचाच पंप आणावा लागतो. शाफ्ट टेपर, म्हणजे निमुळता, की सरळ, पुढची गोल खांदी किती मिलिमीटरची, बोल्टची भोकं कशी, हे व्हर्नियरनं मोजून घ्या. नुसता फोटो पाठवून पंप मागवलेले लोक परत करायला माझ्याकडेच येतात.

त्या प्रेसचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे ठरलेल्या दाबापुढं तेल टाकीत परत सोडणारा व्हॉल्व्ह, मी आधी तपासला, तो ठीक होता. थंड तेलावर दाब चढतो आणि तापल्यावर पडतो, ही झिजलेल्या पंपाची खूण. उघडला तर बॉडीत सक्शनच्या बाजूला गिअरनं खोल चर पाडलेली, नख अडकत होतं. गिअरच्या शाफ्टला आधार देणाऱ्या बुशांवर गोल गोल ओरखडे. टाकीत हात घातला तर स्ट्रेनरची जाळी फाटलेली आणि तळाशी चिकट काळा गाळ.

नवा पंप अडीच सीसीचाच घेतला. मालक टाकी धुण्याच्या आणि नव्या तेलाच्या खर्चावर कुरकुरले, "पंप तर नवा हाय की!" पण त्या गाळावर नवा पंप बसवायला मी तयार नव्हतो. शेवटी 68 नंबरचं तेल आलं. मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग हातोडीनं न ठोकता सरकवलं, पंपात आधी तेल ओतलं, रिलीफ सैल केला आणि मोटरला नुसता एक झटका दिला, दिशा बघायला. दहा मिनिटं विनादाब फिरवून मग गेजकडे बघत रिलीफ आवळत गेलो. दुपारी तेल चांगलं तापलं, तरी काटा 200वरच होता.