चेंडू मागितला का नाहीस?

श्रोते हो, नमस्कार.

शिकागोच्या काही शाळांमध्ये आठवड्यातून एकदा एक वेगळाच तास भरतो. शाळा चालू असतानाच भरतो. वर्गातून दहा-बारा मुलगे उठतात, एका खोलीत जातात, खुर्च्या गोल मांडतात आणि त्या गोलातच त्यांचा समुपदेशक बसतो. मुलं बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागातल्या गरीब वस्त्यांमधली. सुरुवातीला प्रत्येकाने आज आपण कसे आहोत ते सांगायचं. अंगाने कसे, डोक्याने कसे, मनाने कसे. समुपदेशकानेही सांगायचं, त्याला सूट नाही. या उपक्रमाचं नाव 'बिकमिंग अ मॅन', सगळे त्याला 'बॅम' म्हणतात. 'यूथ गायडन्स' या संस्थेतल्या टोनी डीव्हिट्टोरियो या समुपदेशकाने २००१ साली तो सुरू केला.

आता या तासातला एक खेळ सांगते. मला भेटेल त्या शिक्षकाला मी तो सांगते, तुम्हालाही सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

अगदी पहिल्या-दुसऱ्या बैठकीतला खेळ आहे. मुलांच्या जोड्या लावतात. जोडीतल्या एकाच्या हातात चेंडू देतात. साधा रबरी चेंडू, आपल्याकडे गल्लीत खेळतात तसला. दुसऱ्याला सांगतात, तुझ्याकडे तीस सेकंद आहेत, त्याच्याकडून चेंडू घे. बस, एवढंच सांगतात. कसा घे, ते सांगत नाहीत.

आणि खोलीत जी झोंबाझोंबी सुरू होते! चेंडूवाला मूठ आवळून हात पोटाशी धरतो. दुसरा त्याची बोटं एकेक करून उचकटायला बघतो. कोणी मनगट पिरगळतो, कोणी मागून मिठी घालून खाली पाडतो. तीस सेकंद संपतात. मग अदलाबदल. आता चेंडू दुसऱ्याच्या हातात आणि घ्यायचं पहिल्याने. पुन्हा तीच ओढाताण, उलट आता जरा जास्तच, कारण मघाचा हिशेब बाकी असतो.

सगळे धापा टाकत खाली बसले की समुपदेशक विचारतो, "काय रे, चेंडू मिळवायला काय काय केलंत?" मुलं हसत हसत सांगतात. मग तो म्हणतो, "बरं. चेंडू मागितला कोणी?"

कोणीच मागितलेला नसतो.

"का नाही मागितला?" उत्तर ठरलेलं. मागून कोण देतंय? आणि मागितला असता तर याने मला भित्रा समजलं असतं. मग समुपदेशक वळतो चेंडूवाल्याकडे. "त्याने सरळ मागितला असता, तर तू काय केलं असतंस?" बहुतेक मुलं खांदे उडवून सांगतात, "देऊन टाकला असता. साधा चेंडू तर आहे."

श्रोते हो, हे उत्तर मुलाच्या तोंडून येतं. समुपदेशकाने उपदेशाचा एक शब्द उच्चारलेला नसतो. समोरचा देणारच नाही, हे आपण धरून चाललो होतो, आणि ते चूक होतं, हे त्याला त्याच्याच मित्राकडून कळतं.

इथे एक गोष्ट नीट ऐका. या मुलांना 'कधीच भांडू नका' असं कोणी सांगत नाही. ती ज्या रस्त्यावरून घरी जातात, तिथे आज मुकाट्याने काही देऊन टाकलं तर उद्या सगळेच लुटायला येतात. तिथे ताठ उभं राहणं शहाणपणाचं असतं. पण तोच ताठा वर्गात, बाईंनी "खाली बस" म्हटल्यावर उफाळून आला की मुलगा शाळेबाहेर जातो. म्हणून शिकवायचं एवढंच: क्षणभर थांब, आपण कुठे आहोत ते बघ. पुन्हा सांगते, क्षणभर थांबायचं.

जाता जाता माझं एक म्हणणं. आपल्या शाळांत मुलग्यांना आडनावाने हाक मारायची पद्धत आहे. "ए जाधव, उभा राहा!" मुलींना बहुधा नावाने, मुलग्यांना आडनावाने. मला हे फार खटकतं. नावाने हाक मारा हो, पोरगं लगेच निराळं बघतं तुमच्याकडे. असो.

तर या तासाचा उपयोग होतो का? शिकागो विद्यापीठाच्या क्राइम लॅबने, म्हणजे गुन्हेगारीवर संशोधन करणाऱ्या केंद्राने, ते तपासलं. मुलांची निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली, म्हणजे तुलना खरी व्हावी. २००९-१० सालच्या पहिल्या पाहणीत १८ शाळांमधली २,७४० मुलं होती. पुढे आणखी एक पाहणी झाली. दोन्हींत, उपक्रम चालू असताना, हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका जवळपास निम्म्यावर आल्या. जवळपास निम्म्यावर! पहिल्या पाहणीतली मुलं पुढे शाळा पूर्ण करण्यातही सरस ठरली.

फेब्रुवारी २०१३ मध्ये अध्यक्ष बराक ओबामा हाइड पार्क अकॅडमी या शाळेत याच गोलात येऊन बसले. वडील घरात नव्हते, त्याचा राग होता, नशाही केली, असं स्वतःबद्दल सांगून गेले. शेजारी बसलेल्या मुलाने विचारलं, हे तुम्ही तुमच्याबद्दलच बोलताय का? वर्षभराने व्हाइट हाउसमध्ये 'माय ब्रदर्स कीपर' ही अशाच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलग्यांसाठीची योजना जाहीर करताना ओबामांनीच हा प्रसंग सांगितला, तेव्हा यातली काही मुलं तिथे हजर होती.

अमेरिकेतलाच आणखी एक उपक्रम खेळाच्या प्रशिक्षकांमार्फत मुलग्यांशी मुलींशी आदराने वागण्याबद्दल बोलतो. तो मुंबईत 'परिवर्तन' नावाने आला, क्रिकेटच्या प्रशिक्षकांना हाताशी धरून. मैदानावरच्या सरांचं मुलं ऐकतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हणून तर पीटीचा तास काढून गणिताला देतात तेव्हा माझा जीव तुटतो.

एक बाजू सांगायची राहिली. पहिल्या पाहणीत उपक्रम संपल्यावर अटकांमधला तो फरक टिकला नाही. मला याचं नवल वाटत नाही. दर आठवड्याला भेटणारा माणूस भेटेनासा झाला, तर चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने एकट्याने किती सांभाळायचं? एखाद्या दिवसाचं व्याख्यान ठेवून हे काम होत नाही. माणूस शाळेत रोज दिसला पाहिजे, त्याला नीट पगार मिळाला पाहिजे. तुमच्यापैकी कोणी शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर पुढच्या बैठकीत समुपदेशकाचा विषय काढा. आणि मागाल तेव्हा कायमचं पद मागा.

नमस्कार.