शिलाई मशीनच्या पेटीतला कॉम्प्युटर

नमस्कार मंडळी! कुठे आहात, किचनमध्ये की ट्रॅफिकमध्ये? कुठेही असा, पण लॅपटॉपची बॅग जवळपास असेल तर एकदा हातात धरून बघा. दीड किलो, फार तर दोन. आणि तेवढ्यासाठी आपण संध्याकाळी घरी येऊन खांदा दुखतोय म्हणून बाम लावून बसतो.

आमच्या आजीकडे हाताने फिरवायचं शिलाई मशीन होतं. लाकडी घुमटासारखं झाकण, वर पितळी हँडल, बाजूला किल्ली. आजी सगळ्यांना सांगायची की हे बरं आहे, कुठेही नेता येतं, आणि खरंच न्यायची वेळ आली की मला हाक मारायची. जिना उतरेपर्यंत माझा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब झाल्यासारखा वाटायचा. पण हँडल होतं ना, म्हणजे ते 'नेता येणारं' मशीन, विषय संपला!

हे सांगायचं कारण म्हणजे एप्रिल 1981 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर नावाची जत्रा भरली होती आणि तिथे एका माणसाने जवळजवळ अशीच पेटी टेबलावर आणून ठेवली. झाकण खाली काढलं तर झाकणाच्या आतच कीबोर्ड, आणि समोर दोन फ्लॉपी ड्राइव्ह, मधोमध 5 इंची स्क्रीन. वजन 11 किलोच्या आसपास, म्हणजे गव्हाच्या पिठाची 10 किलोची पिशवी आणि वर किलोभर साखर. ह्याचं नाव ऑस्बोर्न 1. लोकांना हे शिलाई मशीनच वाटायचं, मी माझ्या मनाने काही जोडत नाहीये.

आता कोणी म्हणेल की ह्याच्या आधी पोर्टेबल कॉम्प्युटर नव्हते का? होते की. आयबीएमने 1975 मध्ये 5100 नावाचं मॉडेल काढलं होतं आणि त्याच्या नावातच पोर्टेबल होतं, वजन किती तर साधारण 25 किलो, म्हणजे घरातल्या भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा जरासं कमी. किंमत 8,975 डॉलरपासून सुरू आणि वरचं मॉडेल जवळपास 20 हजार डॉलर. ते हौशी माणसासाठी नव्हतंच. आणि झेरॉक्सच्या रिसर्च सेंटरमध्ये अॅलन के आणि त्यांच्या टीमने नोटटेकर नावाचं एक यंत्र बनवलं होतं, हा अॅलन के म्हणजे तोच ज्याने 1972 मध्येच लहान मुलांच्या हातात देता येईल असा वहीएवढा कॉम्प्युटर कागदावर मांडला होता. नोटटेकर मात्र वहीएवढा नाही, 22 किलोचा झाला, दहाच्या आसपास बनले आणि बाजारात कधी आलेच नाहीत.

म्हणजे ऑस्बोर्न पहिला नाही. पण दुकानात जाऊन साध्या माणसाने विकत घेतला आणि उचलून घरी नेला असा पहिला तोच.

आणि त्याच्यामागचा माणूस मला फार आवडतो. अॅडम ऑस्बोर्न. जन्म 1939, बँकॉकचा, वडील इंग्रज. महायुद्धात वडील तिकडे जपान्यांच्या कैदेत आणि आई मुलांना घेऊन तामिळनाडूत तिरुवन्नामलैला, रमण महर्षींच्या आश्रमाजवळ. हा मुलगा तिथे वाढला, तमिळ अस्खलित बोलायचा, शाळा कोडाईकनालला. अकरा वर्षांचा झाल्यावर इंग्लंड, मग अमेरिका, केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी, शेल कंपनीत नोकरी. तिथे काही रमला नाही. मग मायक्रोप्रोसेसरवर पुस्तकं लिहायला लागला, स्वतःच छापायला लागला, आणि ती इतकी खपली की 1979 मध्ये मॅकग्रॉ-हिलने त्याचा प्रकाशनाचा धंदाच विकत घेतला.

पुस्तकं लिहिता लिहिता, मासिकात कॉलम लिहिता लिहिता हा कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना शिव्या घालत होता, की तुम्ही गिऱ्हाइकाला अर्धवट माल देता, स्क्रीन वेगळी घ्या, ड्राइव्ह वेगळे घ्या, सॉफ्टवेअर आणखी वेगळं, आणि मग वायरी जोडत बसा. शेवटी म्हणाला मीच बनवतो. त्याचं तत्त्व काय होतं, मराठीत सांगायचं तर 'चालतंय ना, मग बास'. सगळ्यात भारी नको, सगळ्यात नवीन नको, काम भागलं पाहिजे.

डिझाइन करायला घेतला ली फेल्सनस्टाइनला, होमब्रू कॉम्प्युटर क्लब ह्या हौशी कॉम्प्युटरवाल्यांच्या क्लबच्या मीटिंगा चालवणारा माणूस. त्याला अट घातली की पेटी विमानाच्या सीटखाली बसली पाहिजे. आता बघा, त्या काळी पडदा म्हणजे काचेची पिक्चर ट्यूब, आपल्या जुन्या टीव्हीला असायची ती, आणि ट्यूब जेवढी रुंद तेवढीच मागे पसरणार. म्हणून 5 इंचावर थांबले. एका ओळीत 52 अक्षरंच मावायची, कागदावर टाइप केलेली ओळ 80 अक्षरांची. मग फेल्सनस्टाइनने काय केलं तर मशीनच्या मेमरीत 128 अक्षरांची लांब ओळ ठेवली आणि स्क्रीन म्हणजे नुसती खिडकी, बटण दाबून ती खिडकी डावीकडे उजवीकडे सरकवायची. रेल्वेच्या खिडकीतून गाव बघतो ना तसं. लोकांनी नाकं मुरडली पण वापरलं.

आत 64 केबी मेमरी. एका फ्लॉपीत 90 केबीच्या जरा वर मावायचं. तुमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येणारा गुलाबाच्या फुलाचा फोटो त्यात मावला नसता (आणि मावला नसता तर काही बिघडलंही नसतं). बॅटरी आत नव्हतीच, वेगळी घेता यायची, नाहीतर प्लग शोधा.

पण खरी गंमत किमतीत होती. 1,795 डॉलर. तेव्हाच्या भावाने पंधरा-सोळा हजार रुपये. आणि ह्या किमतीत सोबत मजकूर लिहायला वर्डस्टार, हिशेबाला सुपरकॅल्क, प्रोग्राम लिहायला दोन प्रकारचं बेसिक, सगळं फुकट! सुटं घ्यायला गेलात तर हे सॉफ्टवेअरच पंधराशे डॉलरच्या घरात जायचं. आज आपल्याला ह्यात काही वाटत नाही, पण तेव्हा मशीनबरोबर कामाची सॉफ्टवेअर देणं ही आयडियाच नवीन होती. वर्डस्टार आपल्याकडेही खूप वर्षं चाललं हं, ज्यांनी तेव्हा कॉम्प्युटर क्लास लावले होते त्यांची बोटं अजून कंट्रोल-के-डी विसरली नसतील. एका टप्प्याला महिन्याला 10 हजार ऑस्बोर्न विकले जात होते. मागणी इतकी की माल पुरेना.

आणि मग सप्टेंबर 1983 मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. अडीच वर्षांत सगळा खेळ खलास.

ह्याची जी गोष्ट सगळीकडे सांगतात ती अशी, की ऑस्बोर्नने पुढच्या मॉडेलची, एक्झिक्युटिव्हची, बातमी आधीच फोडली, मग जुनं कोण घेणार, विक्री थांबली, पैसा आटला. ह्याला धंद्याच्या पुस्तकात 'ऑस्बोर्न इफेक्ट' असं नावच पडलं. गोष्ट छान आहे, पण मला ती जरा जास्तच सोपी वाटते. कारण तोपर्यंत शेजारी दुसरं दुकान उघडलं होतं ना! 1982 मध्ये कॅलिफोर्नियातल्याच अँड्र्यू के ह्यांच्या कंपनीने केप्रो आणला, किंमत तीच 1,795 डॉलर, पण स्क्रीन 9 इंची आणि ओळ पूर्ण 80 अक्षरांची. पत्र्याची पेटी, दिसायला अगदी ओबडधोबड, पण डोळे फोडून घ्यायला नकोत. मग गिऱ्हाईक कुठे जाईल?

आणि मोठा घाव घातला तो कॉम्पॅकने. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेले तिघेजण, रॉड कॅनियन, जिम हॅरिस, बिल मर्टो, ह्यूस्टनमध्ये 'पाय' नावाचा गोड पदार्थ विकणाऱ्या एका हॉटेलात बसले आणि ताटाखालच्या कागदावर आपल्या मशीनचं चित्र काढलं. ते मशीन ऑस्बोर्नपेक्षाही जड, 28 पौंड, म्हणजे पावणेतेरा किलो! किंमत 2,995 डॉलरपासून पुढे. तरी पहिल्या वर्षात 53 हजार खपले. का? कारण आयबीएम पीसीसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर त्यावर जसंच्या तसं चालायचं. आयबीएमच्या मशीनमधला बायोस नावाचा मूळ प्रोग्राम ह्यांनी कॉपी न करता, त्याचं काम काय आहे एवढंच बघून नव्याने लिहून काढला, म्हणजे कोर्टात कोणी खेचायला नको. लोक पावणेतेरा किलो उचलायला तयार झाले, पण ऑफिसातली फाइल घरी उघडत नाही हे त्यांना नको होतं. ऑस्बोर्न मात्र सीपी/एम नावाच्या जुन्या सिस्टिमवरच राहिला.

बरं, ह्या सगळ्या पेट्याच झाल्या. मांडीवर घेण्यासारखं काय होतं? तर तेही त्याच वर्षांत, पण दुसऱ्या रस्त्याने आलं. जपानात सेइको घड्याळं बनवणारे लोक, त्यांचा एप्सन एचएक्स-20. घड्याळातल्या आकड्यांसारखीच एलसीडी स्क्रीन, 20 अक्षरांच्या 4 ओळी, बास. पण वजन 1.6 किलो, आत छोटीशी कॅसेट, छोटासा प्रिंटर आणि चार्ज होणारी बॅटरी. मग 1983 मध्ये टीआरएस-80 मॉडेल 100, तो पेन्सिल सेलवर चालायचा, चार सेल टाकले की वीसेक तास. अमेरिकेतले बातमीदार त्याच्यावर फिदा होते, मॅच बघता बघता बातमी टाइप करायची आणि टेलिफोनला जोडून पेपरच्या ऑफिसात पाठवायची.

आणि आज आपण लॅपटॉप उघडतो तसा, शिंपल्यासारखा, स्क्रीन कीबोर्डवर मिटणारा आकार आणला ग्रिड कॉम्पासने, 1982. बिल मॉग्रिज नावाच्या इंग्लिश डिझायनरने तो बनवला. मॅग्नेशियमची बॉडी, केशरी अक्षरं, किंमत 8,150 डॉलर. नासाने तो स्पेस शटलमध्ये नेला. जिथे वजनच लागत नाही तिथे हा हलका कॉम्प्युटर पोचला आणि इकडे विमानतळावर सेल्समन लोक पावणेतेरा किलोची पेटी दर पन्नास पावलांनी हात बदलत ओढत होते.

ऑस्बोर्नचं पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो. त्याने स्वस्तात सॉफ्टवेअर विकायची नवी कंपनी काढली, लोटस नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीने तिच्यावर केस टाकली, 1990 मध्ये निकाल विरुद्ध गेला. मग तब्येत ढासळली, मेंदूचा आजार, आणि 1992 च्या सुमारास तो भारतात परत आला, कोडाईकनालला बहिणीकडे. 18 मार्च 2003 ला तिथेच गेला. त्याच्या सहाच दिवस आधी इंटेलने सेंट्रिनो नावाचा चिपचा संच बाजारात आणला होता, वायर न लावता इंटरनेट चालणाऱ्या लॅपटॉपसाठी.

चला मंडळी, माझी वेळ झाली. आजीचं मशीन अजून माळ्यावर आहे, किल्ली कुठे गेली ते कोणालाच माहीत नाही. नमस्कार!