करंगळी वर केली तर

[दृश्य : मिरज तालुक्यातल्या एका गावची शाळा, तिसरीचा वर्ग]

सतरंजीवरची ही मुलगी एका पायाची टाच अंगाखाली घेऊन, तिच्यावर सगळा भार टाकून बसली आहे. मध्येच डुलते. बाईंना वाटतं, चुळबुळ चाललीय. तिने लघवी दाबून धरली आहे. करंगळी वर केली तर बाई सोडतीलही. पण शौचालयाला आतून कडी नाही. मैत्रीण बाहेरून दार ओढून धरते आणि सारखी विचारते, "झालं का गं?" त्यापेक्षा नकोच. डबा खाताना पाणीही नको.

[दृश्य : मिरज, लहान मुलांची ओपीडी]

१८९४ सालच्या मिशन हॉस्पिटलपासून मिरजेचं नाव दवाखान्यांचं गाव म्हणून आहे. कागवाड-अथणीहूनही माणसं इथं येतात. या मुलीची आई मात्र जवळच्या गावातून यायला दोन वर्षं थांबली. दिवसा निकर ओली, कधी रात्री गादी ओली, मध्येच लघवीला जळजळ. रागावून झालं, दृष्ट काढून झाली, झोपताना काळे तीळ आणि गूळही झाला. तीळ खाऊ द्यावेत, चांगलेच असतात. गादी त्यांनी कोरडी होत नाही.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न लघवीचा नसतो. "शी रोज होते का? कडक होते?"

आईला आधी कळतच नाही, हे का विचारताहेत. मूत्राशयाच्या अगदी मागे मलाशय असतं. तिथं कडक शीचा खडा साठला की तो पुढे दाबतो. लघवीच्या पिशवीत जागा कमी पडते आणि ती पुरती रिकामीही होत नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या पिशवीत साधारण २७० मिलिलिटर लघवी मावायला हवी. वयात एक मिळवायचा आणि तिसाने गुणायचं, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब. त्यात वर्षानुवर्षं दाबून धरायची सवय लागली, तर लघवीला बसल्यावरही खालचा स्नायू सैल पडत नाही. धार तुटक येते, थोडी लघवी आत उरते, तिथंच जंतू वाढतात.

म्हणून उपचाराची सुरुवात पोट साफ करण्यापासून. शौच मऊ करणारी पावडर, दिवसभर पुरेसं पाणी, दर दोन-तीन तासांनी लघवी, लागली नसली तरी. कमोडवर बसवत असाल तर पायाखाली पाट द्या. लोंबत्या पायांनी खालचे स्नायू ताठच राहतात. दोन दिवस किती प्यायली, किती लघवी झाली, ते मापून वहीत लिहायचं. पिशवी शांत करणारी औषधं लागलीच तर त्यानंतर.

फक्त रात्री गादी ओली होत असेल, तर पाच वर्षांपर्यंत औषधाचा विचारही करत नाहीत. मूल ते मुद्दाम करत नाही, त्यामुळे मार देऊन काही साधत नाही.

काही लक्षणांना मात्र थांबायचं नसतं : सतत थेंब-थेंब गळणं, मुलाची धार बारीक असणं, लघवीच्या त्रासासोबत ताप, लघवीतून रक्त, कमरेखाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा झुपका, चालीत फरक, अचानक वाढलेली तहान. शेवटचं लक्षण मधुमेहाचंही असू शकतं.

[दृश्य : डॉक्टर शाळेसाठी चिठ्ठी लिहीत आहेत]

चिठ्ठीत दोनच ओळी आहेत. मुलीला न विचारता जाऊ द्यावे. दाराला आतून कडी बसवावी.

"पावडर किती दिवस द्यायची, मॅडम?"

"महिने म्हणा. शी रोज मऊ व्हायला लागली म्हणून लगेच थांबवू नका, परत खडा धरतो."